'शुगर' हा शब्द 'शर्करा'वरून आला का? हो, पण सरळ वाटेने नाही

इंग्रजीतले निम्मे शब्द संस्कृतमधून आलेत, असं सांगणारी एखादी पोस्ट दर थोड्या दिवसांनी सोशल मीडियावर फिरत असते. पुरावा म्हणून खाली शब्दांच्या जोड्या दिलेल्या असतात. मातृ आणि मदर, त्रि आणि थ्री, नाम आणि नेम, शर्करा आणि शुगर. ऐकायला सगळ्या सारख्याच, त्यामुळे वाचणाऱ्याला पटतात आणि पोस्ट पुढे जाते.

गंमत अशी, की या चार जोड्यांपैकी फक्त शेवटची जोडी पोस्टमधल्या दाव्यात बसते. 'शुगर' हा शब्द खरोखर भारतातून निघून इंग्रजीत पोहोचला. बाकीच्या तिन्ही जोड्यांमधले शब्द एकमेकांचे नातेवाईक आहेत, पण ते एका भाषेतून दुसरीत गेलेले नाहीत. आणि 'शर्करा' आणि 'शुगर' यांच्यात जे साम्य सगळ्यात आधी कानाला जाणवतं, म्हणजे सुरुवातीचा 'श', तो तर निव्वळ योगायोग आहे.

हे कसं ठरवतात? शब्द कुठून आला हे सांगायला भाषेचे अभ्यासक नेमकं काय तपासतात? 'शुगर'चा माग काढताना हे सगळं नीट समजतं.

दोन शब्द सारखे असण्याची तीन कारणं

दोन भाषांमधले दोन शब्द आवाजाने आणि अर्थाने सारखे असतील, तर त्यामागे साधारणपणे तीन कारणं असू शकतात.

पहिलं कारण म्हणजे नातं. दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटून निघाल्या असतील, तर मूळ भाषेतला शब्द दोघींकडे वारशाने येतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही, असं विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीसमोरच्या भाषणात मांडलं. त्या मूळ भाषेला आज आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. इंग्रजीही याच कुळातली. त्यामुळे 'मातृ' आणि 'मदर' ही चुलत भावंडं ठरतात. चुलत भावाचा चेहरा आपल्यासारखा असतो, म्हणून कुणी त्याला आपला मुलगा म्हणत नाही.

दुसरं कारण म्हणजे उसनवारी. एखादी वस्तू किंवा कल्पना दुसरीकडून येते आणि येताना आपलं नावही घेऊन येते. मराठीत टेबल, स्टेशन आणि मोबाइल आले ते असे. यात भाषांचं नातं असावंच लागतं असं नाही. अरबी भाषा इंडो-युरोपीय कुळातली नाही, तरी मराठीत अरबी शब्द भरपूर आहेत.

तिसरं कारण योगायोग. इंग्रजीतला 'बॅड' आणि फारसीतला 'बद' यांचा अर्थ एकच, उच्चारही जवळजवळ सारखा. बदनाम, बदसूर अशा शब्दांतून हा 'बद' मराठीतही आला आहे. तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. फारसीच्या जुन्या रूपात, म्हणजे मध्य फारसीत, हा शब्द 'वद' असा होता. मागे जावं तसे हे दोन शब्द एकमेकांपासून दूर होत जातात. खऱ्या नात्यात बहुतेक वेळा याच्या उलट घडतं.

'शुगर' वारशाने आलेला नाही, हे कशावरून?

इथे एक जुना आणि भरवशाचा नियम उपयोगी पडतो. आद्य इंडो-युरोपीय भाषेतल्या एका विशिष्ट 'क'सारख्या आवाजाचा संस्कृतमध्ये 'श' झाला. लॅटिन आणि ग्रीकमध्ये तो 'क'च राहिला. इंग्रजी आणि जर्मन ज्या शाखेत येतात, त्या शाखेत त्याचा 'ह' झाला. 'क'चा 'ह' होण्याचा हा बदल याकोब ग्रिम यांनी 1822 साली मांडलेल्या नियमाचा भाग आहे. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी मोठे ते हेच.

उदाहरणं पाहिली की नियम लगेच लक्षात येतो. संस्कृत 'शत', लॅटिन 'केंटुम', इंग्रजी 'हंड्रेड'. संस्कृत 'श्वन्' म्हणजे कुत्रा, लॅटिन 'कानिस', इंग्रजी 'हाउंड'. संस्कृत 'शृंग', लॅटिन 'कोर्नू', इंग्रजी 'हॉर्न'.

म्हणजे 'शर्करा' या शब्दाचं चुलत भावंड इंग्रजीत वारशाने उतरलं असतं, तर ते 'ह'ने सुरू व्हायला हवं होतं. 'शुगर' तसा नाही. शिवाय इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. त्याआधीच्या इंग्रजांकडे साखरच नव्हती, गोडासाठी त्यांच्याकडे मध होता. वस्तू उशिरा आली, शब्दही उशिरा आला. म्हणजे ही उसनवारी आहे. आता प्रश्न उरतो तो वाटेचा.

सुरुवातीला 'शर्करा' म्हणजे खडे

ऊस मूळचा न्यू गिनी भागातला मानला जातो. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी तो लावायला सुरुवात केली आणि पुढे तो आशियात पसरला. पण उसाचा रस आटवून, त्याचे दाणे पाडून, टिकणारा आणि दूरवर नेता येणारा पदार्थ तयार करण्याचं तंत्र भारतात विकसित झालं.

या पदार्थाला नाव देताना नवा शब्द घडवला गेला नाही, जुनाच वापरला गेला. संस्कृतमध्ये 'शर्करा' म्हणजे खडी, बारीक दगड, कंकर. अथर्ववेदात हा शब्द दगड आणि वाळूच्या सोबतीने येतो. पाणिनीच्या व्याकरणातही वाळू आणि शर्करा यांची जोडी आहे आणि तिथे विषय रेताड किंवा खडकाळ जमिनीचा आहे. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही 'शर्करा' म्हटलेलं आहे. उसाचा रस आटून त्याचे खड्यांसारखे दाणे दिसू लागले, तेव्हा त्यांनाही हेच नाव मिळालं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी आहे: फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट रस. म्हणजे त्या काळापर्यंत पातळ रसापासून दाणेदार साखरेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला वेगळं नाव पडलेलं होतं.

मराठीत आजही मोठ्या दाण्यांच्या साखरेला 'खडीसाखर' म्हणतात. 'साखर' या शब्दाचा मूळ अर्थ खडे हा होता, हे विसरलं गेल्यावर लोकांनी त्याच्यापुढे पुन्हा 'खडी' लावली. दोन हजार वर्षांच्या अंतराने लोकांना साखरेत तीच गोष्ट दिसली.

परदेशी गेला तो बाजारातला शब्द

आता या शब्दाची परदेशातली रूपं बघा. फारसीत 'शकर', ग्रीकमध्ये 'साक्खारोन', अरबीत 'सुक्कर'. या तिन्हींमध्ये एक गोष्ट गायब आहे. 'शर्करा'त 'क'च्या आधी जो 'र्' आहे, तो यातल्या एकाही रूपात नाही.

तिन्ही भाषांनी आपापल्या घरी बसून तोच 'र्' गाळला, असं होणं कठीण. तो भारतातच गळला होता. संस्कृतमधली जोडाक्षरं बोलीभाषांमध्ये, म्हणजे प्राकृतांमध्ये, सोपी होत गेली. 'कर्म'चं 'कम्म' झालं, 'सर्प'चं 'सप्प' झालं. त्याच चालीने 'शर्करा'चं 'सक्करा' झालं. पाली भाषेत ते 'सक्खरा' असं आहे.

ग्रीक 'साक्खारोन' पालीतल्या 'सक्खरा'शेजारी ठेवून पाहा. सुरुवातीचा 'स' आणि मधला 'क्ख' दोन्हीकडे आहेत. ग्रीक व्यापाऱ्यांच्या कानावर पडला तो पंडितांच्या ग्रंथांतला शब्द नव्हता. बंदरावर, पेठेत माल मोजणारे लोक जे बोलत होते, तो शब्द त्यांनी उचलला. फारसी 'शकर'मध्ये 'श' टिकला आहे. भारताच्या वायव्येकडच्या गांधारी प्राकृतात 'श' आणि 'स' वेगळे राहिले होते, त्यामुळे तिकडच्या बाजूने गेलेल्या शब्दात 'श' असण्यात नवल नाही.

आणि याच प्राकृत शब्दाचा थेट वारस मराठीत आहे. 'कम्म'चं 'काम' झालं, 'सप्प'चं 'साप' झालं, 'सत्त'चं 'सात' झालं. जोडाक्षर सुटं झालं आणि त्याआधीचा स्वर लांबला. त्याच नियमाने 'सक्खरा'ची झाली 'साखर'. म्हणजे ग्रीकांनी बंदरात जो शब्द ऐकला, त्याच्याशी 'शर्करा'पेक्षा 'साखर' जास्त जवळची आहे.

उसाच्या नावाचं मात्र असं झालं नाही. संस्कृत 'इक्षु'चं प्राकृतात 'उच्छु' आणि मराठीत 'ऊस' झालं, पण हा शब्द साखरेबरोबर जहाजावर चढला नाही. ऊस तोडल्यावर फार दिवस टिकत नाही, साखर टिकते. जो माल दूरवर गेला, त्याचं नाव दूरवर गेलं.

पहिली वाट: ग्रीक जहाजं आणि औषधाच्या पेट्या

भारतात बोरूसारख्या झाडापासून मधमाश्यांशिवाय मध मिळतो, ही बातमी ग्रीकांपर्यंत अलेक्झांडरच्या स्वारीनंतर पोहोचली. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख नेअर्कस याच्या नावाने ही माहिती पुढे स्ट्रॅबो या भूगोलकाराने नोंदवून ठेवली आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक पुस्तक लिहिलं गेलं. ते इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या ग्रीक भाषिक माणसाने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर या महाराष्ट्रातल्या गावांची नावंही त्यात येतात. भरूच आणि आसपासच्या भागातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालाची यादी देताना लेखक गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल आणि सुती कापड यांच्यासोबत 'साक्खारी' नावाचा बोरूचा मधही नोंदवतो.

त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस 'साक्खारोन'चं वर्णन करतो. हा मधाचा घट्ट प्रकार आहे, मिठासारखा दिसतो आणि दाताखाली मिठासारखाच फुटतो, असं तो सांगतो. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, की याचा उपयोग फक्त औषधासाठी होतो. लॅटिनमध्ये शब्दाचं रूप झालं 'साक्खारुम'.

पण त्या काळच्या युरोपात साखर इतकी दुर्मीळ होती, की हा शब्द स्वयंपाकघरात कधी उतरलाच नाही. तो वैद्यांच्या आणि विद्वानांच्या पुस्तकांत पडून राहिला आणि अनेक शतकांनी विज्ञानाने तो तिथूनच उचलला. लिनियसने 1753 साली उसाला शास्त्रीय नाव दिलं 'सॅकॅरम ऑफिसिनॅरम'. 1879 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना एक अतिशय गोड रसायन सापडलं. त्याचं नाव पडलं 'सॅकरीन'. मधुमेही लोकांच्या चहात जी गोळी पडायची, तिच्या नावात पालीतला 'सक्खरा' जवळजवळ जसाच्या तसा आहे. तिच्यात साखर मात्र नाही.

दुसरी वाट: इराण, अरबस्तान आणि भूमध्य समुद्र

रोजच्या वापरातला 'शुगर' आला तो दुसऱ्या वाटेने. भारतातून ऊस आणि साखर करण्याची कला इराणमध्ये गेली. तिथला खुजिस्तान प्रांत पुढे साखरेसाठी नावाजला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं, तेव्हा साखर त्यांच्या हाती आली आणि फारसी 'शकर'चं अरबीत 'सुक्कर' झालं.

अरबीत 'श' आहे, मग त्याचा 'स' का झाला? फारसीतून अरबीत जाताना हा बदल इतर शब्दांतही झालेला दिसतो. इराणमधल्या नीशापूर शहराला अरबीत 'नैसाबूर' म्हणतात. एकाच शब्दात झालेला बदल अपघात असू शकतो. तोच बदल इतर शब्दांतही दिसला, तर वाट बरोबर धरली आहे असं मानायला आधार मिळतो.

अरबांनी ऊस इजिप्तमध्ये नेला, मग सिसिली आणि स्पेनमध्ये लावला. आजच्या युरोपातल्या भाषांमध्ये साखरेची जी नावं आहेत, त्यातून कोणाला ती कुठल्या दारातून मिळाली हे अजूनही ओळखता येतं.

स्पॅनिशमध्ये साखरेला 'असूकार' म्हणतात आणि पोर्तुगीजमध्ये 'असुकर'. सुरुवातीचा 'अ' म्हणजे अरबीतला 'अल'. इंग्रजीत नामाआधी 'द' लागतो, तसा अरबीत 'अल' लागतो. 'स'च्या आधी त्याचा 'ल' विरघळतो आणि 'अस-सुक्कर' असा उच्चार होतो. स्पेनमध्ये अरबी बोलणारे लोक शेजारीच राहत होते, त्यामुळे तिथे 'अल'सकट अख्खा शब्द आला. इटलीत साखर व्यापारातून आली, 'अल' मागेच राहिला आणि शब्द झाला 'त्सुक्केरो'. कापसाच्या बाबतीतही हेच झालं. अरबी 'कुत्न'चं स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' झालं आणि इटालियनमध्ये 'कोतोने'.

इटालियनमधून जर्मनमध्ये 'त्सुकर' गेला. फ्रेंचमध्ये झालं 'स्यूक्र'. रशियनमधला 'साखर' मात्र ग्रीकमधून आला, आणि म्हणूनच मराठी माणसाला तो ऐकून आपल्याच घरचा वाटतो. रशियन आणि मराठी 'साखर' यांच्यामधला खरा दुवा बंदरातला तो प्राकृत शब्द आहे. तुर्कीत 'शेकेर' आहे, तो फारसीतून गेला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत 'सुकारी' आहे, तो अरबीतून.

इंग्रजीत पोहोचल्यावर

1066 नंतर इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच बोलली जात होती आणि जेवणाच्या टेबलावरचे अनेक शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आले. साखरही तशीच आली. 1226 साली राजा तिसरा हेन्री याने विंचेस्टरच्या महापौरांकडे अलेक्झांड्रियाची तीन पौंड साखर मागितली होती, तीही जत्रेतल्या व्यापाऱ्यांकडे एका वेळी एवढी मिळाली तर. खुद्द राजालाही सव्वा किलोच्या आसपास साखर मिळेल की नाही याची खात्री नव्हती.

फ्रेंचमधला 'क' इंग्रजीत 'ग' झाला. फ्रेंच 'फ्लाकों'चं इंग्रजीत 'फ्लॅगन' झालं, तसंच काहीसं. 'शुगर'च्या बाबतीत हा बदल नेमका का झाला, याचं पक्कं स्पष्टीकरण कोशकारांनी दिलेलं नाही.

आता त्या 'श'कडे येऊ. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा उच्चार 'स'नेच सुरू होत होता. म्हणूनच स्पेलिंग 'एस'ने सुरू होतं. फ्रेंचमधला 'यू'सारखा स्वर इंग्रजांच्या तोंडी 'इउ' असा झाला आणि शब्द 'स्युगर'सारखा ऐकू येऊ लागला. 'स' आणि 'य' भराभर एकत्र म्हटले, की जीभ आपोआप 'श'कडे सरकते. पुढे इंग्रजीत तसंच झालं. 'शुअर' या शब्दातही हेच घडलं. त्याचंही स्पेलिंग 'एस'ने सुरू होतं, तोही फ्रेंचमधूनच आला आणि त्याचा 'शर्करे'शी काहीही संबंध नाही.

थोडक्यात, संस्कृतमधला 'श' इंग्रजीपर्यंत पोहोचलाच नाही. तो अरबीत शिरताना 'स' झाला होता. इंग्रजीने शेकडो वर्षांनी आपला 'श' स्वतः तयार केला. 'शर्करा' आणि 'शुगर' यांचं नातं खरं आहे, पण त्या नात्याचा पुरावा म्हणून 'श' दाखवणं चूक आहे.

एकाच शब्दाची इंग्रजीतली तीन रूपं

'शर्करा' इंग्रजीत एकदाच आली नाही. 'शुगर' आणि 'सॅकरीन' या दोन वाटा झाल्या. तिसरी वाट पोर्तुगीजांची. भारताच्या नैऋत्य किनाऱ्यावर मल्याळममध्ये गुळाला 'चक्कर' आणि कन्नडमध्ये साखरेला 'सक्करे' म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ 'शर्करा'. पोर्तुगीजांनी तिथे हा शब्द ऐकला, त्याचं 'जागरा' असं काही केलं आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत 'जॅगरी' होऊन आला. म्हणजे गुळाला 'जॅगरी' म्हणताना इंग्रज नकळत साखरेचंच नाव घेतात.

'कँडी' हा शब्दही भारतातलाच, पण त्याचं मूळ वेगळं आहे. संस्कृत 'खण्ड' म्हणजे तुकडा. उसाच्या पदार्थांच्या यादीत तो वर येऊन गेला. फारसीत तो 'कंद' झाला, अरबीत 'कंदी', फ्रेंचमध्ये 'स्यूक्र कांदी' आणि इंग्रजीत 'कँडी'. मराठीतली 'खांड' याच घरातली. म्हणजे दाण्यांवरून 'शुगर' आली आणि तुकड्यांवरून 'कँडी'.

हिंदीत साखरेला 'चीनी' आणि खडीसाखरेला 'मिस्री' म्हणतात. 'चीनी' म्हणजे चीनची आणि 'मिस्री' म्हणजे मिस्र किंवा इजिप्तची. साखर करण्याची कला शिकायला चीनच्या ताइत्सुंग सम्राटाने सातव्या शतकात मगधात माणसं पाठवली होती, अशी नोंद चिनी इतिहासात आहे. भारतातून बाहेर गेलेली वस्तू तिथे आणखी शुद्ध होऊन परत आली, आणि परतताना तिच्या नावात त्या देशांची नावं लागली.

मॉरिशसची 'दिसिक'

शब्दांचा हा प्रवास दर वेळी व्यापाराचाच होता असं नाही. कोलंबसने 1493 मधल्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. त्यानंतर युरोपात साखर स्वस्त झाली ती आफ्रिकेतून पकडून नेलेल्या लाखो गुलामांच्या श्रमावर. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपवली गेली, तेव्हा मळेवाल्यांनी मजुरांसाठी भारताकडे पाहिलं.

1834 पासून करारावर बांधलेले मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. पुढच्या काही दशकांत भारतातून जवळपास पाच लाख लोक पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरले, तो 'आप्रवासी घाट' 2006 पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. त्यात मुंबईहून जहाजावर चढलेले मराठी मजूरही होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

त्या बेटावरच्या क्रिओल भाषेत साखरेला 'दिसिक' म्हणतात. फ्रेंचमध्ये 'थोडी साखर' म्हणायला 'द्यू स्यूक्र' म्हणतात, त्याचं हे रूप. कोकणातून आणि देशावरून गेलेल्या माणसाच्या तोंडी 'साखर' होती. मळ्यावर त्याला 'दिसिक' शिकावं लागलं. दोन्ही एकच शब्द. एक प्राकृतातून सरळ मराठीत उतरलेला, दुसरा इराण, अरबस्तान, फ्रान्स असं फिरून त्याच्यासमोर येऊन उभा राहिलेला.

साखळी आणखी मागे जाते का?

'शर्करा'च्याही मागे जायचं तर पुरावा पातळ होत जातो. ग्रीकमध्ये 'क्रोके' असा शब्द आहे, अर्थ गोटा किंवा खडा. संस्कृत 'श' आणि ग्रीक 'क' यांची जोडी नियमात बसते, 'शत' आणि ग्रीक 'हेकातोन' यांच्यात तीच आहे. म्हणून काही अभ्यासक 'शर्करा' आणि 'क्रोके' यांना चुलत भावंडं मानतात. पण इथे हाताशी दोनच शब्द आहेत, त्यामुळे हा अंदाजच राहतो. 'शुगर'पासून 'सक्करा'पर्यंतच्या साखळीत मात्र प्रत्येक कडीला लेखी आधार आहे.

अशी पोस्ट पुढे आली तर काय पाहायचं?

शब्दांच्या जोड्यांची पोस्ट दिसली, की चार गोष्टी विचारता येतात.

पहिली: मधले टप्पे दिले आहेत का? 'शर्करा' आणि 'शुगर' एवढंच लिहिलं असेल, तर ती फक्त जोडी आहे. सक्करा, शकर, सुक्कर, स्यूक्र, शुगर ही साखळी आहे.

दुसरी: शब्दांची जुनी रूपं जवळ येतात की दूर जातात? 'बद' आणि 'बॅड' मागे जाताना दूर जातात.

तिसरी: जो आवाज बदलला असं सांगितलंय, तो तसाच इतर शब्दांतही बदललाय का? 'शकर'चं 'सुक्कर' झालं, तसं 'नीशापूर'चं 'नैसाबूर' झालं, ही सोबत महत्त्वाची.

चौथी: वस्तू, माणसं आणि काळ जुळतात का? साखर इंग्लंडमध्ये पोहोचण्याआधी तिचं नाव तिथे पोहोचण्याचं कारण नव्हतं.

या चार प्रश्नांत 'मातृ' आणि 'मदर' ही जोडी भावंडं म्हणून पास होते, 'शर्करा' आणि 'शुगर' ही जोडी उसनवारी म्हणून पास होते, आणि अनेक व्हायरल जोड्या पहिल्याच प्रश्नाला अडकतात. भारताने जगाला दिलेल्या शब्दांची खरी यादी मोठी आहे. तिच्यात खोट्या जोड्या मिसळल्या, की वाचणारा खऱ्या जोड्यांवरही विश्वास ठेवेनासा होतो. 'साखर'सारख्या शब्दाला त्याची गरज नाही. त्याच्याकडे भरूचच्या बंदरापासून विंचेस्टरच्या जत्रेपर्यंतचा कागदोपत्री पुरावा आहे.